चाचणीचा खड्डा

“ए तळ्याच्या सायबा!” ही हाक आपल्याला आहे असं सावळाराम पाटलाला वाटायचं काही कारणच नव्हतं. सकाळचे साडेनऊ. ठाण्याचा भर रस्ता, चैत्राचं ऊन, एका हातात डबा, दुसऱ्या हातात छत्री, आणि डोक्यात कचेरीत गेल्या गेल्या लिहायची तीन पत्रं. जिल्हा लोकल बोर्डाच्या ओव्हरसियरला लोक रावसाहेब म्हणतात, पाटीलसाहेब म्हणतात, पाठीमागं आणखी काय काय म्हणतात. पण तळ्याचा साहेब? तो दोन पावलं पुढं गेलासुद्धा. मग हाक पुन्हा आली, आता अगदी कानाशी, आणि पाठोपाठ हसू. वळून बघतो तर शेजारच्या नव्या इमारतीच्या परांचीवर एक बाई उभी. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, हातात पत्र्याचा डबा, आणि त्या डब्यानं ती कालच रचलेल्या विटांच्या भिंतीवर पाणी मारत होती. विटा पाणी पीत होत्या आणि ती त्याच्याकडे बघून ओळखीचं हसत होती. “मी लहानी. खैरवाडीची. वळखलं नाय काय?” ओळखायला क्षणभर लागला खरा. सात वर्षांपूर्वी, एकोणचाळीस साली, सिद्धगडाच्या पायथ्याशी हीच बाई त्याच्या टेपाचं दुसरं टोक धरून काट्याकुट्यांतून पळाली होती. तेव्हा तरुण होती. आता गाल बसले होते, पण हसू तेच होतं.

“तू इथं कशी गं?” त्यानं विचारलं. “भिताडाला पानी मारते,” ती म्हणाली, जसं काही तेवढंच विचारलं होतं. मग तिनं आपणहून सांगितलं, होळी झाली की वाडी उठते. कोणी भिवंडीकडं वीटभट्टीवर, कोणी हितं. म्हातारी माणसं तेवढी मागं. “पण का? तळं आहे ना तुम्हाला!” सावळाराम म्हणाला. त्यावर लहानीनं डबा पिंपात बुडवला, पाणी भिंतीवर फेकलं आणि सहज म्हणाली, “हाय की. पावसाला काठोकाठ भरतं. पौषात गुडघाभर ऱ्हातं. होळीला त्यात पोरं इटीदांडू खेळतात.” सावळारामच्या हातातली छत्री आपोआप मिटली गेली. हे कसं शक्य आहे? जागा त्यानं स्वतः निवडली होती. चाचणीचा खड्डा खणला होता, भरून ठेवला होता, सकाळी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. “अगं, खड्डा तर सकाळी भरलेला होता! दोन बोटंसुद्धा उतरलं नव्हतं!” तेव्हा लहानी असं मनापासून हसली की परांची हलली. “व्हनारच की रे! आमीच भरला ना. पहाटचा बगितला तं निम्मा झिरपलेला. आता सायब उठंल, खड्ड्यात डोकावंल, त्याला काय निम्मं दाखवायचं? धोंडूबाई म्हनली, चला गो पोरींनो. दोन दोन खेपा केल्या झिऱ्यावरनं. तू तोंड धूत व्हतास तवा आमची शेवटली हंडी वतून झाली.” आणि हे सगळं तिनं इतक्या अभिमानानं सांगितलं, की जणू तो आता शाबास म्हणेल. तेवढ्यात मुकादम ओरडला. लहानीनं पाठ फिरवली आणि ती भिंतीच्या पलीकडच्या अंगाला पाणी मारायला लागली.

कचेरीत त्यानं तीन पत्रांतलं एकही लिहिलं नाही. खुर्चीत बसून तो समोरच्या टाकाकडे बघत राहिला. डोक्यावर पंखा फिरत होता. शेजारच्या टेबलावर कोणीतरी लग्नाच्या पंगतीची गोष्ट सांगत होतं, आणि त्याच्या कानात एकच शब्द घोळत होता, ‘निम्मा’. पाणी अडवायला जागा शोधायची म्हणजे काय, हे त्या पंगतवाल्याला सांगून कळलं नसतं. मुरबाड-शहापूरच्या त्या डोंगरपट्ट्यात आषाढात पाऊस असा कोसळतो की शेजारच्या घरातला माणूस दिसू नये. आणि तोच प्रदेश फाल्गुनात कोरडा ठणठणीत. वर वीतभर माती, खाली कातळ. पडलं ते सगळं धावत खाडीकडं. मग ते धावतं पाणी कुठंतरी धरून ठेवायचं. दोन टेकड्या जवळ येतात तिथं गळा बघायचा, गळ्याच्या मागं मोठं पोट बघायचं, म्हणजे बांध आखूड आणि पाणी पुष्कळ. हे नकाशावरसुद्धा दिसतं. दिसत नाही ते पोटातलं. खालचा दगड सलग आहे की फुटका, मुरूम आहे की चिकण, हे जमीन तोंडानं सांगत नाही. म्हणून चाचणीचा खड्डा. दोन हात लांब, दोन हात रुंद, गुडघ्याइतका खोल. संध्याकाळी काठोकाठ भरायचा आणि सकाळी किती उतरलं ते काठीनं मोजायचं. चार बोटं उतरलं तर जागा उत्तम, वीतभर उतरलं तर संशयाची, आणि निम्मा झाला तर मुकाट्यानं गाशा गुंडाळून दुसरी खोरी बघायची. इतकी सोपी परीक्षा. नापास होणारी जागा त्या बायांनी डोक्यावरून पाणी वाहून पास केली होती, आणि तीही चैत्रात, ओढ्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यातून वाटी वाटी भरलेलं पाणी. त्या दिवशी त्या काय प्यायल्या असतील, हा विचार त्याला आत्ता, सात वर्षांनी, पहिल्यांदा शिवला.

खैरवाडीच्या त्या तळ्यानंच त्याला ओव्हरसियर केलं होतं. त्याआधी तो नुसता हाताखालचा माणूस, भिवंडीकडच्या शेतकऱ्याचा पोर, इंग्रजी शाळेत कसाबसा शिकलेला. तेव्हाच्या इंजिनियरनं त्याचा नकाशा कचेरीत सगळ्यांना दाखवला होता. म्हणाले होते, गळा आणि पोट असं सुरेख जमलेली जागा मी जिल्ह्यात पाहिली नाही. त्या नकाशावरचं पाणी सावळारामनं स्वतः कुंचल्यानं निळं केलं होतं, रंग सगळीकडं सारखा बसावा म्हणून श्वास रोखून. बांध घातला गेला. पहिल्याच पावसाळ्यात तळं भरल्याची बातमी आली. तोवर लढाई सुरू झाली होती, बदल्या झाल्या, त्या बाजूला पुन्हा जायचं कारण पडलं नाही. म्हणजे तसं म्हणायचं. पडलं नाही की काढलं नाही? त्यानं पंखा बंद केला. शिपाई देवजीला हाक मारली. त्या दौऱ्यात देवजीच बरोबर होता आणि रात्री खड्ड्याची राखण त्याच्याकडंच होती. “देवजी, खैरवाडीला तू त्या खड्ड्याजवळ होतास ना रे? काय बघितलंस?” देवजी आता म्हातारा झाला होता, पण आठवण पक्की. तो जरा दुखावून म्हणाला, “तुमी म्हनालात, पानी कोन काढून नेत नाय ना, ते बघ. कोनीसुदा थेंब काढला नाय साहेब. बाया वतीत व्हत्या. वतलेलं तुमी कुठं इचारलंत?” सावळारामला हसायला आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं. खरंच की. त्यानं चोरीचा विचार केला होता. दुष्काळी माणसं पाणी चोरतील, एवढंच त्याच्या शिकलेल्या डोक्यात आलं होतं. त्यानं देवजीला जायला सांगितलं आणि पंखा पुन्हा लावला.

दुपारी त्यानं रजिस्टर काढलं. लढाई संपल्यावर बोर्डानं पाण्यावाचून असलेल्या गावांची नवी यादी करायला घेतली होती आणि ते काम त्याच्याच टेबलावर होतं. मुरबाड तालुक्याच्या पानावर खैरवाडीपुढं त्याच्याच सुबक अक्षरात दोन शब्द होते, ‘तळे आहे.’ खलास. ज्या वाडीला तळं आहे तिला दुसरं तळं मिळत नाही, हा नियम. हे दोन शब्द तिथं आहेत तोवर खैरवाडी दर होळीला उठणार, दुसऱ्याच्या भिंतींना पाणी मारणार, आणि कागदावर तिला काही कमी नसणार. शब्द खोडता येत होते, पण खोडल्याचं कारण द्यावं लागणार होतं. कारणं दोनच. एक, वाडीच्या लोकांनी चाचणीत लबाडी केली. असं लिहिलं की सावळाराम सुटला. पण मग लबाड ठरलेल्या वाडीला बोर्ड उभ्या जन्मात तळं देणार नाही. दुसरं, चाचणी ज्यानं घ्यायची त्यानं ती नीट घेतली नाही. असं लिहिलं की वाडी सुटली, आणि सावळाराम पाटील ओव्हरसियर राहणार नाही. तिसरा मार्गही होता, रजिस्टर मिटून कपाटात ठेवण्याचा. त्यानं ते मिटलं आणि कपाटात ठेवलं.

घरी गेल्यावर त्यानं बायकोला सांगितलं. भागीरथी नळाखाली पातेली विसळत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग तुमची चूक कशी ती? त्यांनी फसवलं तुमाला.” “फसवलं नाही गं.” “मग काय केलं?” तो ओसरीवर जाऊन बसला. आत नळ वाहत होता. त्याला आठवली आपली आई, अंबूबाई, आणि खाडीकाठच्या त्यांच्या गावातली मचूळ पाण्याची विहीर. गोडं पाणी कोसभर लांबून यायचं. पाहुणा येणार असं कळलं की आई आधी माठात डोकवायची. माठ अर्धा असेल तर तशाच पावली हंडा घेऊन बाहेर पडायची, शेजारणीकडं मागायची, नाहीतर भर उन्हात कोसभर जायची; पण पाहुण्यानं तांब्या बुडवायच्या आत माठ गळ्यापर्यंत भरलेला पाहिजे. एकदा सावळारामला ताप होता. तो पाणी मागत होता, आणि आई म्हणाली होती, “थांब रं सोन्या, मामाला येऊन घोट घेऊ दे, मग निम्मा झाला तरी चालंल.” तेव्हा त्याला आईचा किती राग आला होता! मामा आला, प्याला, गेला. मग आईनं त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला तांब्यानं पाणी पाजलं होतं आणि ती रडली होती. याला फसवणं म्हणायचं? त्या आईच्या पोटचा पोर खैरवाडीला गेला, काठावर उभा राहिला, काठोकाठ भरलेला खड्डा बघितला, आणि त्याला काही म्हणजे काही ओळखू आलं नाही. दुसऱ्या कोणा साहेबाला नसतं आलं तर गोष्ट वेगळी. त्याला यायला हवं होतं. नकाशा शिकला आणि घरचं विसरला! त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. भागीरथीनं आतून जेवायला हाक मारली तेव्हा तो उठला.

वैशाखात रजा काढून तो खैरवाडीला गेला. कल्याणला उतरला, तिथून मोटारीनं मुरबाड, मग एका बैलगाडीनं जमेल तेवढं आणि पुढं पायी. लहानीला त्यानं आधी निरोप दिला होता. ती दोन दिवसांसाठी परत आली होती. वाडीत उरलेली माणसं बोटांवर मोजण्यासारखी. धोंडूबाई, जिला आता जेमतेम दिसत होतं, आणि कमळू, वाडीचा म्हातारा, ज्याच्या ओट्यावर सावळाराम सात वर्षांपूर्वी भाकरी खाऊन गाढ झोपला होता. तळं त्यानं आधी एकट्यानं जाऊन बघितलं. गळा तसाच सुरेख, पोट तसंच मोठं, बांध एका ठिकाणीही खचलेला नाही. आत चिखल वाळून त्याचे पापडे झालेले. तो तळाशी उतरला, पापडे पायांनी फोडले, जुन्या चाचणीच्या खड्ड्यातला गाळ काढला आणि त्याच्या बुडाखाली हातानं उकरलं. वीतभर खाली मुरूम, आणि मुरमाखाली दगडाच्या भेगा, बोट जाईल एवढ्या. इतकं सोपं होतं. उकरलं असतं तर दिसलं असतं. पण काठोकाठ भरलेल्या खड्ड्याखाली कोण उकरतो? तो बराच वेळ तिथं उन्हात बसला. आपण त्या भेगांवर रागावलो आहोत असं त्याला वाटलं, आणि मग तेही हसण्यासारखं वाटलं.

नवी जागा कशी शोधावी हे त्याला कळेना. नकाशा बरोबर आणला होता, पण तो उघडायचं धाडस होईना. त्यातली प्रत्येक सुरेख रेषा त्याला आता खोटी वाटत होती. संध्याकाळी लहानीच्या झोपडीत चहा प्यायला बसला असताना त्याचं लक्ष चुलीकडं गेलं. चूल काळीशार, गुळगुळीत, एकही तडा नाही. “ही माती कुठली गं?” “खालच्या खाचरापल्याडची. समदी वाडी तितलीच आनते. दुसरी फुटते.” त्याच्या हातातला कप तसाच राहिला. आगीनं न फुटणारी इतकी चिकण माती जिथं आहे, तिथं खाली पाणी जायला वाट मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी तो, लहानी आणि कमळू खाली गेले. बघण्यासारखी जागा मुळीच नव्हती. गळा नाही, पोट नाही, नुसता एक पसरट खोलगट तुकडा, वाडीपासून अर्धा कोस उतारावर. बांध लांबच लांब घालावा लागणार आणि पाणी जुन्या तळ्याच्या निम्मंही मावणार नाही. नकाशावर ही जागा काढली तर कचेरीत कोणी वळूनही बघणार नाही. “ह्ये तळं व्हय?” कमळू म्हणाला, “ह्ये तं ताट झालं, सायब!” “ताटातलं सांडलं नाही म्हणजे झालं,” सावळाराम म्हणाला. खड्डा खणायला त्यानं स्वतः कुदळ हातात घेतली. कमळू ‘ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे’ म्हणत राहिला. हातभर खाली गेल्यावर माती अशी चिकट लागली की कुदळ सुटेना. त्याला आनंद झाला, पण त्या आनंदावर विश्वास ठेवायची त्याची तयारी नव्हती.

पाण्याचं त्यानं आधीच मुरबाडला सांगून ठेवलं होतं; दोन बैलगाड्यांतून पिंपं आली. झिऱ्यातला थेंब घ्यायचा नाही, असं त्यानं बजावलं. खड्डा भरला, काठीवर खूण केली. मग त्यानं लहानी, कमळू आणि हात धरून आणलेल्या धोंडूबाईला जवळ बसवलं आणि सगळं उघड सांगितलं. खड्डा कशासाठी असतो. निम्मा झाला तर काय समजायचं. सात वर्षांपूर्वी त्यांनी ओतलेल्या हंड्यांनी काय झालं. सांगताना त्याला वाटत होतं आपण कोणाला तरी मारतो आहोत. लहानीचं हसू हळूहळू गेलं. धोंडूबाईनं पदर तोंडावर धरला. “म्हंजी आमीच...?” ती म्हणाली. “तुमी नाय,” सावळाराम म्हणाला. त्याच्या तोंडून आपोआप घरची बोली आली. “चूक माजी. मी झोपलो. तसंच लिहिणार हाय मी.” मग कमळूनं विचारलं, “मंग तुला काय करतील?” “खाली उतरवतील. कारकून करतील, नायतर घरी बसवतील.” “पोरंबाळं हायेत?” “हायेत दोन.” कमळूनं मान हलवली आणि चिलीम पेटवली. रात्र सावळारामनं खड्ड्याच्या काठावर काढली, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सकाळी काठी बुडवली. तीन बोटं उतरलं होतं. त्यानं दुसऱ्यांदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. आसपास ओली जमीन, सांडलेला थेंब, पावलं, काही नव्हतं. तीन बोटं म्हणजे तीन बोटं. तो खड्ड्याशेजारी उताणा झोपला आणि सूर्य तोंडावर येईपर्यंत उठला नाही.

अहवाल लिहायला त्याला पंधरा दिवस लागले. नवी जागा, तिथली मोजणी, बाकीचं सगळं एका बैठकीत झालं. अडत होती ती एक ओळ. ‘चाचणीच्या वेळी अनवधानाने’ असं लिहिलं आणि फाडलं. ‘त्या वेळच्या परिस्थितीत’ असं लिहिलं आणि फाडलं. अनवधान कसलं, परिस्थिती कसली! शेवटी लिहिलं, ‘चाचणीचा खड्डा मी राखला नाही. रात्री पाणी झिरपले. सकाळी पाहिलेली पातळी खरी नव्हती. जागा माझ्या चुकीने निवडली गेली.’ पाणी कोणी ओतलं ते लिहिलं नाही. कागद वर गेला आणि मग महिनेच्या महिने काही झालं नाही. पाऊस आला, गेला. दिवाळी झाली. कचेरीत लोक त्याच्याशी बोलताना आवाज जरा खाली आणायला लागले, यावरून त्याला कळलं की कागद वाचला गेला आहे. भागीरथीनं एकदाच विचारलं, “लिहिलंत?” तो म्हणाला, “लिहिलं.” त्या दिवशी तिनं त्याला जेवताना दुसऱ्यांदा आमटी वाढली आणि तो विषय तिनं पुन्हा काढला नाही.

पौषात नवे इंजिनियर दौऱ्यावर निघाले आणि सावळारामला बरोबर घेतलं. मोटारीत ते फारसं बोलले नाहीत. साधा, काटेकोर माणूस. कागदावर जे आहे ते जमिनीवर आहे का, एवढंच बघणारा. खैरवाडीला पोचले तेव्हा सकाळची थंडी होती आणि जुन्या तळ्यात गुडघाभर पाणी चमकत होतं. ते बघताच सावळारामच्या लक्षात आलं. पौष! आत्ता पाणी असणारच. वाडीची सगळी माणसं अजून इथंच होती. ती बांधावर जमली, पोरं पुढं, बाया मागं. कमळूनं नवं मुंडासं बांधलं होतं. “काय रे, या तळ्यात पाणी टिकतं का?” इंजिनियरनं विचारलं. सावळाराम त्यांच्या मागं उभा होता. कमळूनं एकदा त्याच्याकडं बघितलं. “टिकतं की,” तो म्हणाला. “उन्हाळ्यात?” “उन्हाळ्यात तं ग्वाड लागतं अजून.” मागून कोणीतरी हो हो म्हणालं. लहानी पुढं झाली. “गुरं पितात, कापडं धुतो. बारा म्हैने,” ती म्हणाली, आणि तिनं हात असा फिरवला की जणू समोर समुद्र आहे. इंजिनियर वळले. “पाटील, तुमच्या अहवालात तर भलतंच आहे.” सावळारामला आधी काही कळलंच नाही. त्याला वाटलं, ही माणसं वेडी झाली आहेत का? एका वाक्यावर त्यांचं नवं तळं उभं होतं, आणि ते वाक्य ती स्वतःच्या हातांनी पुसत होती. तेवढ्यात धोंडूबाई काठी टेकत पुढं आली, इंजिनियरच्या आवाजाच्या दिशेनं, आणि तिनं हात जोडले. “पान्याचं काय दुख नाय आमाला, बापा. बक्कळ हाय. तू आमच्या पोराला काय करू नको.”

आमच्या पोराला. वैशाखातल्या त्या दिवशी, खड्ड्याच्या काठावर, त्यानं खरं सांगून मोकळं व्हायचं म्हणून यांना सांगितलं होतं, मला उतरवतील. आणि ते ऐकून यांनी आठ महिने मनात धरून ठेवलं, आपापसांत ठरवलं, पाठ केलं. पुन्हा तेच. ह्या वेळी हंड्यांनी नाही, शब्दांनी. त्याला त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. गप्प राहिलं तर काय होईल हेही त्याला लख्ख दिसलं. इंजिनियर अहवाल नापसंत करतील, फार तर त्याला वेडा ठरवतील, तो ओव्हरसियर राहील. भागीरथीची चिंता जाईल. कोणालाच दोष लागणार नाही. समोर पाणी होतं, साक्षीदार होते, तळं होतं. किती सोपं! इंजिनियर उत्तराची वाट बघत होते. सावळाराम पुढं आला. “खोटं बोलतात, साहेब,” तो म्हणाला. “माझ्यासाठी खोटं बोलतात. होळीला इथं थेंब नसतो. अर्धी वाडी ठाण्याला आणि भट्ट्यांवर जाते. ही लहानी मला तिथंच भेटली.”

लहानी भडकली. इतकी की इंजिनियर एक पाऊल मागं सरले. “आमाला खोटं पाडलंस?” ती सावळारामवर ओरडली. “चार मान्सांत? आमी तुला वाचवीत व्हतो रे! तुझी पोरं उपाशी मरतील म्हनून धोंडूबाई दोन रोज जेवली नाय!” तिचे डोळे भरून आले होते. सावळारामलाही राग आला, कोणावर ते त्याला कळलं नाही. “मला नको वाचवूस गो!” तो म्हणाला. “माजं काय व्हायचं ते व्हईल. तुला पानी पायजे का नाय? पायजे का नाय, ते सांग ना! एकदा तरी सांग!” आजवर या वाडीनं कधी कोणाला ‘पाहिजे’ म्हटलं नव्हतं. आलेल्याला काय पाहिजे ते बघायचं आणि ते पुरं करायचं, एवढंच तिला येत होतं. लहानीनं धोंडूबाईकडं बघितलं. धोंडूबाई नुसती काठीवर हनुवटी टेकून उभी राहिली. मग लहानी इंजिनियरकडं वळली आणि पदरानं नाक पुसून, मोठ्यानं म्हणाली, “पायजे. आमाला पानी पायजे. ह्या तळ्यात ऱ्हात नाय. ह्यो खरं सांगतो.” “शिमग्यापासनं नाय,” मागून एक बाई म्हणाली. “झिऱ्यावर दीस जातो,” दुसरी म्हणाली. कमळूनं मुंडासं काढून काखेत घेतलं आणि म्हणाला, “खालती ताट हाय सायब, चल तुला दावतो. दिसायला काय नाय, पन सांडत नाय.” आणि मग सगळीच बोलायला लागली, एकमेकींचे शब्द ओढून घेत, हातवारे करत, सात वर्षांचं सगळं एकदम.

इंजिनियरनं खिशातून वही काढली. “एकेकानं बोला,” ते म्हणाले, “आणि आधी सांगा, घरं किती?” कमळू त्यांना उतारावरून खाली घेऊन निघाला, बाया मागोमाग, पोरं पुढं धावत. सावळारामला कोणीच काही विचारलं नाही. तो मागं बांधावर एकटा उभा राहिला. ओव्हरसियर म्हणून हा आपला शेवटचा दौरा, हे त्याला कळलं होतं. खालून लहानीचा आवाज येत होता. ती इंजिनियरला सांगत होती की तिला घराजवळ पाणी पाहिजे, गुरांना वेगळा उतार पाहिजे, आणि ते सगळं ह्याच वर्षी पाहिजे.